उतार

आमचे गवत कापायचे यंत्र यंदाच्या मे महिन्यात गेले. 'बिघडले' असे म्हणण्याची सोय आता उरली नव्हती. एकवीस वर्षांत त्याचे पट्टे तुटले, पाती झिजली, बॅटऱ्या किती बदलल्या याची तर मोजदादच नाही. पण दर वेळी ते उठून कामाला लागे. यंदा मात्र डाव्या चाकाला जोर पुरवणारा पंप थकला, पात्यांवरचे लोखंडी झाकण गंजून एका अंगाने फाटले, आणि दुरुस्तीवाल्याने सांगितलेल्या आकड्यात नव्या यंत्राची निम्मी किंमत निघाली असती. हे काठी टेकत गराजपर्यंत आले, यंत्राच्या डाव्या चाकाकडे पाहून म्हणाले, "याचीही डावी बाजूच गेली म्हणायची!"

मी हसले. २०२४ च्या फेब्रुवारीत यांना अर्धांगाचा झटका आला, त्यात डावा हात आणि डावा पाय सापडला. पाय पुष्कळसा परत आला. हात अर्धामुर्धा आला. कप धरवतो, पण तोंडापर्यंत नेताना वाटेतच कुठे तरी हाताला आपण काय करत होतो याचा विसर पडतो. तेव्हापासून आमच्या घरात डाव्या बाजूवरून विनोद फक्त यांनी करायचे आणि मी हसायचे, असा अलिखित करार आहे.

आमचे घर ओहायो राज्यात, कोलंबस शहरापासून पाऊण तासावर आहे. १९९६ साली आम्ही ते घेतले तेव्हा घराबरोबर तीन एकर जमीन आली. तीन एकर म्हणजे एकशेवीस गुंठे. घर, ओटा, भाजीचा वाफा आणि झाडे वगळली की बाकी सगळी हिरवळ. एप्रिलच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत हे गवत वाढत राहते. मे महिन्यात तर कधी कधी आठवड्यातून दोनदा कापावे लागते. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये, असा इथल्या जाणत्यांचा नियम आहे. एकदम खोल कापले तर मुळे दुबळी होतात आणि तण शिरते. त्यामुळे या कामात आज नाही तर उद्या, असे म्हणून चालत नाही. घरात पाहुणे असोत, आजारपण असो, गवताला त्याचे काही नाही.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. वडिलांची साडेतीन एकर जमीन होती, आणि तिच्यावर सात माणसे व दोन म्हशी जगत होत्या. गवत उगवायचे ते बांधावर. श्रावण-भाद्रपदात आई विळा घेऊन बांध कापी, पेंढ्या बांधी आणि डोक्यावर चुंबळ ठेवून भारा घरी आणी. मीही पुष्कळ भारे आणले आहेत. ओल्या गवताचे पाणी मानेवरून पाठीत उतरे आणि दिवसभर अंगाला गवताचा वास येत राही. गवत कापायचे ते म्हशीपुढे टाकण्यासाठी, हे माझ्या मनात इतके पक्के बसले होते की, इथल्या पहिल्या उन्हाळ्यात यांनी कापलेले गवत तसेच जमिनीवर पसरलेले पाहून मला चुकल्याचुकल्यासारखे झाले. एवढी वैरण, आणि दावणीला कोणी नाही!

आणखी एक मौज सांगते. गणपतीला वाहायची ती दूर्वा आणि शेतकऱ्याच्या शिव्या खाते ती हरळी, ही दोन्ही एकच. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तिचीच हिरवळ लावतात आणि तिला 'बर्म्युडा' म्हणतात. आमच्याकडे थंडी फार, म्हणून इथे 'केंटकी ब्लूग्रास' नावाचे गवत असते. नाव केंटकीचे, पण ते मूळचे युरोपातून आलेले. तेव्हा आमच्या तीन एकर गवतात गणपतीला एकवीस दूर्वा मिळत नाहीत.

हे वेड आमच्या एकट्याचे नाही. २००५ साली उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांच्या आधाराने एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेतल्या हिरवळींचे एकंदर क्षेत्र सुमारे १,६३,००० चौरस किलोमीटर निघाले. आपला सबंध महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून अधिक जमिनीवर हे लोक गवत लावतात, कापतात, आणि पुन्हा वाढू देतात.

याचे पुष्कळसे श्रेय यंत्राला द्यावे लागेल. पूर्वी हिरवळ ही जमीनदाराची चैन होती. ज्याच्या पदरी विळा चालवणारी माणसे किंवा चरायला मेंढ्या, त्यालाच ती परवडे. १८३० साली इंग्लंडात स्ट्राउड गावाजवळ एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायचे पहिले यंत्र केले. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उभे राहिलेले लोकरीचे तंतू छाटून पोत सारखा करायचे एक फिरत्या पात्यांचे यंत्र तिथे वापरीत. त्यावरून बडिंगला ही कल्पना सुचली. मला ही हकीकत फार आवडते. एरवी जमिनीला कापडासारखे गुळगुळीत करावे असे कोणाच्या मनात आले असते?

आमचे गेलेले यंत्र मात्र बडिंगच्या यंत्राचा फार दूरचा नातू. याला इथे 'झीरो-टर्न' म्हणतात. त्याला स्टिअरिंगचे चाक नसते. मांडीच्या दोन्ही बाजूंनी दोन दांडे पुढे आलेले असतात. मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र तेलाचे पंप. उजवा दांडा उजव्या चाकाचा, डावा डाव्याचा. पुढची दोन चाके चहाच्या ढकलगाडीच्या चाकांसारखी, वळवाल तिकडे नुसती वळणारी. दोन्ही दांडे सारखे पुढे ढकलले की यंत्र सरळ जाते. एक पुढे आणि एक मागे केला की ते कुंभाराच्या चाकासारखे जागच्या जागी फिरते. कॅन्ससमधल्या हेस्टन गावी जॉन रेगियर यांनी १९६३-६४ च्या सुमारास या जातीचे यंत्र तयार केले, असे सांगतात. मला त्यात काही परके वाटले नाही. नांगर धरलेला माणूस तासाच्या टोकाला येतो, तेव्हा काय करतो? आतला बैल थोपवतो आणि बाहेरचा चालवतो. दोन दांडे म्हणजे दोन बैलांचे दोन कासरेच की!

हे यंत्र २००४ साली आले आणि शनिवार यांचा झाला. सकाळी दव वाळले की जुनी टोपी घालून, कानांवर आवाज अडवायचे गोळे चढवून हे बसत, ते दोन तासांनी उतरत. हे कारखान्यात इंजिनिअर होते. "आठवडाभर दुसऱ्यांनी काढलेल्या रेघांवर काम करतो, शनिवारी माझ्या रेघा मी काढतो," असे म्हणत. रेघा खऱ्याच उमटतात. यंत्र ज्या दिशेने जाते तिकडे गवत वाकते. आपल्यापासून दूर वाकलेले फिके दिसते, आपल्याकडे वाकलेले गडद. यांच्या रेघा पाटीवर फूटपट्टीने आखल्यासारख्या असत. वाटेवरून जाणारे लोक मोटारी हळू करून पाहत, आणि आपल्याला ते कळलेच नाही असे दाखवत हे पुढची रेघ धरत.

मागच्या वर्षी, झटक्यानंतरचा सबंध हंगाम, यंत्र मी चालवले. चालवता मला चांगले येते. विळ्याने बांध कापलेल्या बाईला यंत्राची काय भीती! सुरुवातीला हे ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसत. एखादी पट्टी राहिली की उजवा हात उंच करून दाखवत. जूनमध्ये केव्हा तरी हात वर यायचा थांबला. माझ्या रेघा सुधारल्या असतील, असे मी मनाशी म्हटले. मग एके दिवशी उतारावरून वर येताना पाहिले, तर यांनी खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड केले होते.

तेव्हा यंत्र गेले आणि नवे घ्यायचे ठरले, त्यात यंत्राचा प्रश्न थोडाच होता. मुलगा कॅलिफोर्नियात असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, घरच विका आता. इकडे या, दोन खोल्यांचं बघतो. आणि घ्यायचंच असेल तर बॅटरीचं घ्या." त्याच्या राज्याने २०२४ पासून पेट्रोलच्या अशा लहान नव्या इंजिनांना जवळपास दरवाजाच बंद केला आहे, आणि बॅटरीची यंत्रे शांत असतात हेही खरे. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "गवत कापणारी मंडळी लावा, दर आठवड्याला येतील, अर्ध्या तासात उरकून जातील." प्रत्येकाचे म्हणणे शहाणपणाचे होते. पण आपण तीन एकर गवताबद्दल बोलतो आहोत, अशी त्या सगळ्यांची समजूत होती.

आम्ही जाहिरातींची पुस्तके आणली. रात्री जेवण झाल्यावर टेबलावर पसरून बसायचो. पात्यांच्या झाकणाची रुंदी ४२ इंचांपासून ७२ इंचांपर्यंत. झाकण पत्रा दाबून केलेले की जाड पत्रे जोडून केलेले? दुसरे टिकाऊ, पण जड. पंप साधे घरगुती की धंद्यासाठी चालतात तसले? घरगुती यंत्राला तीन ते सहा हजार डॉलर. धंद्याच्या यंत्राला त्याच्या दुप्पट आणि वर. यांनी हिशेबाची एक रीत मला शिकवली. ताशी मैल आणि रुंदीचे इंच यांचा गुणाकार करून शंभराने भागले की एका तासात किती एकर होतील ते कळते; वळणांसाठी त्यातला पाचवा हिस्सा सोडायचा. ५४ इंची यंत्र ताशी ५ मैलांनी चालवले तर तीन एकरांना एक तास तेवीस मिनिटे लागतात. ६० इंची यंत्र ६ मैलांनी पळवले तर एक तास तीन मिनिटे. यांचा पेन्सिल धरलेला उजवा हात भराभर चालत होता, आणि कितीतरी महिन्यांनी मला जुने इंजिनिअर दिसले.

"तू ६० इंची घे," ते म्हणाले. "धंद्याचं. दांड्यांचंच. तुझी वीस मिनिटं वाचतील."

"आणि त्या वीस मिनिटांचं मी काय करू?"

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. पण 'तू घे', 'तुझी' हे शब्द मी ऐकले होते. ते यंत्र माझ्यासाठी निवडत होते, आणि मी ते कबूल करायला तयार नव्हते.

एका शनिवारी दुकानात गेलो. दुकानदार गृहस्थ भला होता, पण बोलत होता सगळे यांच्याशी. बाईच्या हाती हे यंत्र असेल, हे त्याच्या मनातही आले नाही. हेही त्याला काही सांगेनात. इंजिन दोन सिलिंडरचे, पाती तीन, पाठीला स्प्रिंगची बैठक, असे सगळे झाल्यावर तो म्हणाला, "बसून तर पाहा!" आणि मी काही बोलायच्या आत हे बसले.

मागे मोकळे आवार होते. यांनी दोन्ही हात दांड्यांवर ठेवले. मी उभी होते तिथून डाव्या हाताची बोटे दिसत होती. ती घट्ट मिटली होती. दांडे पुढे गेले. उजवा गेला, डावा थोडाच गेला. यंत्र डावीकडे वळले. यांनी ते सरळ करायला उजवा हात मागे घेतला, तर थांबले. पुन्हा ढकलले, पुन्हा वळले. यंत्राने जागच्या जागी एक पुरी फेरी घेतली आणि अर्धी आणखी. मग यांनी दांडे सोडले. जोर नीट शिकवलेल्या बैलांसारखे दांडे आपापल्या जागी परत आले, यंत्र उभे राहिले.

"प्रदक्षिणा झाली," हे मराठीत म्हणाले. दुकानदाराला काही तरी विनोद झाला एवढे कळले, तो हसला. करार असूनही मला त्या वेळी हसता आले नाही.

दोन दिवस आम्ही यंत्राचे नाव काढले नाही. पुस्तके टेबलावरून खुर्चीवर गेली, खुर्चीवरून खाली. तिसऱ्या दिवशी मी ती उचलून पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि एक पान जास्त वेळ वाचले. दांड्यांऐवजी स्टिअरिंगचे चाक असलेली झीरो-टर्न यंत्रेही निघाली आहेत. त्यांत मागच्या चाकांना दोन वेगळे पंप तसेच असतात. पण ते एका चाकाने चालतात, आणि त्याच चाकाने पुढची चाकेही वळतात. ती पुढची चाके मोकळी नसल्यामुळे उतारावर यंत्र अधिक काबूत राहते. दांड्यांच्या यंत्राचा सगळा ताबा मागच्या दोन चाकांवर; ओल्या गवतावर ती घसरली की पुढची चाके उताराला जिकडे वाटेल तिकडे जाणार. म्हणून तर बहुतेक कंपन्या १५ अंशांहून अधिक उतारावर यंत्र नेऊ नका, असे बजावतात.

आमच्या घराच्या मागे जमीन ओढ्याकडे उतरत जाते. मी बाहेर जाऊन फोन जमिनीवर ठेवून उतार मोजला. अकरा अंश भरला, एका ठिकाणी बारा. मागचा सबंध हंगाम त्या उतारावर मी दांड्यांचे यंत्र चालवले होते आणि एकदाही पाती डगमगली नव्हती. हे यांनाही ठाऊक होते. ते खुर्चीत बसून पाहतच होते, निदान जूनपर्यंत.

संध्याकाळी चहा देताना मी म्हटले, "अहो, आपण चाकाचं यंत्र घेऊ या. उतारासाठी. ओल्या गवतावर मला दांड्यांचा भरवसा वाटत नाही."

यांनी माझ्याकडे पाहिले. चाळीस वर्षांहून अधिक संसार झाल्यावर माणसे एकमेकांशी खोटे बोलू शकत नाहीत, असे म्हणतात. ते खरे आहे. पण एखादी खरी गोष्ट निवडून पुढे करता येते, आणि दुसऱ्याला ती घेता येते.

"उतारासाठी?" यांनी विचारले.

"उतारासाठी."

त्यांनी चष्मा लावला आणि ते पान उघडून बसले. पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्या कशा, दातेरी चक्रे कुठे, हे सगळे त्यांनी तासभर वाचले. मग पुस्तक मिटून म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे तुझा. यांत्रिक दृष्ट्या."

त्या पानावर चाकाच्या चित्राकडे आमच्या दोघांचेही लक्ष गेले होते. मोटारीच्या चाकावर एक गोल मूठ बसवून एका हाताने मोटार चालवायची परीक्षा हे मागच्या वर्षी पानगळीच्या दिवसांत पास झाले होते. तशी मूठ कुठल्याही चाकावर बसते. याबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात यंत्र आले. पन्नास इंची, भाजीच्या वाफ्याच्या फाटकातून जाईल एवढे. किंमत मधली. दांड्यांच्या यंत्राइतके ते चपळ नाही, झाडांभोवती थोडे अधिक गवत मागे ठेवते, तेवढे मी कातरीने काढते. दुसऱ्या दिवशी गराजमध्ये हातोडी-पान्यांचे आवाज आले. जाऊन पाहिले तर चाकावर मूठ बसली होती.

"तुलाही सोपं जाईल," हे म्हणाले.

"जाईल की," मी म्हटले.

आता आमची वाटणी अशी आहे. घरापुढची सपाट जमीन यांची. मागचा उतार माझा. उतारासाठी घेतलेल्या यंत्रावर उतारावर यांनी जायचे नाही, ही माझी अट. ती त्यांनी मुकाट्याने मानली. चाळीस मिनिटे झाली की थकतात, तेव्हा उतरून यायचे, ही डॉक्टरांची अट. ती मात्र घड्याळ दाखवून पाळून घ्यावी लागते. चालकाने बैठक सोडली की यंत्र आपोआप बंद पडते, म्हणून मी आत स्वयंपाकघरात निर्धास्त काम करते. म्हणजे निर्धास्त असे नाही. आवाज चालू आहे ना, याकडे कान असतोच. रेघा पूर्वीसारख्या नाहीत. डावीकडे जाताना किंचित पोट सुटते, आणि पुढची रेघ ते पोट सांभाळत जाते, मग त्याच्या पुढचीही. रस्त्यावरून पाहिले तर पाण्यावर तरंग उठल्यासारखे दिसते. परवा एका बाईने मोटार हळू केली. यांनी पाहिले नाही, असे दाखवले.

उतारवय हा शब्द आपल्या भाषेत आहे, आणि तापाला उतार पडला असेही आपण म्हणतो. एकाच शब्दात घसरणे आणि बरे होणे दोन्ही कसे मावते, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. बारा अंशांवरून रोज वरखाली करणाऱ्याला ते आपोआप कळते.

या आठवड्यात दिवाळी. थंडी पडायला लागली, गवत मंदावले, अजून एखादी कापणी झाली की यंत्रावर कापड पडेल. किती वेळ चालवले की तेल बदलायचे, यासाठी यांनी एक वही केली आहे आणि दर खेपेला तास लिहून ठेवतात. काल ती सहज चाळली. एकंदर एकोणचाळीस तास झाले आहेत. यांच्या नावाखाली अकरा, माझ्या नावाखाली अठ्ठावीस. पुढच्या पानावर यांनी येत्या एप्रिलसाठी तारखांच्या जागा सोडून ठेवल्या आहेत, आणि दोघांचे रकाने अगदी सारख्या रुंदीचे आखले आहेत.